वंशावळीत आजोळ कुठे?

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यातल्या घराघरांत एक शब्द शिरला आहे : वंशावळ. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसिलांतली जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. तेव्हापासून नांदेड-लातूरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलं, की तो कागद हमखास दिसतो. वर मधोमध खापरपणजोबांचं नाव, त्याखाली चौकटी, चौकटींना जोडणाऱ्या रेघा आणि जे गेले त्यांच्या नावापुढे कंसात ‘मयत’.

हा कागद एकदा नीट बघा. बहुतेक वंशावळींवर एकाही पणजीचं नाव नसतं. जातीच्या दाखल्यासाठी बापाकडची साखळी लागते, म्हणून तेवढीच काढलेली असते. कार्यालयाचं काम त्यावर भागतं. पण आपण कुणाचे, कुठून आलो, एवढं खरोखर जाणून घ्यायचं असेल, तर हा कागद निम्माच आहे. आणि ज्या घरांत पंजाबचं, अरबस्तानचं, आफ्रिकेचं किंवा विलायतेचं रक्त या मातीत मिसळलं, तिथे तर त्याच निम्म्या भागाने सगळी गोष्ट गिळली आहे. कारण बाहेरून आले ते बहुतेक पुरुष होते. इथल्या होत्या त्या बायका.

बांबू आणि झाड

संस्कृतात वंश म्हणजे वेळू, बांबू. एका पेरातून दुसरं पेर, सरळ वर जाणारी एक काठी. आपली वंशावळ अगदी तशीच असते : मुलगा, बाप, आजा, पणजा. मराठवाड्यात मात्र दुसराही शब्द आहे. निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांत वंशावळीला ‘शजरा’ म्हणतात, आणि त्याचं मूळ अरबी ‘शजर’ म्हणजे झाड. झाडाला फांद्या असतात, मुळंही अनेक असतात. शोध घेणाऱ्याने डोळ्यांपुढे ठेवावं ते हे झाड. दोन आई-बाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा अशी संख्या दर पिढीला दुप्पट होत जाते. सातव्या पिढीला १२८ जागा भरतात. बांबूच्या हिशेबात त्यांतली एकच जागा मोजली जाते.

मराठीत ‘वंश’ हा शब्द मानवसमूहांसाठीही वापरतात आणि तिथे घोटाळा होतो. जणू माणसांच्याही वेगवेगळ्या, न मिसळलेल्या काठ्या आहेत! या समजुतीला धक्का देणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. मानवी कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, या विषमतेचा वंशाशी संबंध आहे का, हे इरावतीबाईंनी कवट्या मोजून तपासलं. संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि गुरूला न आवडणारं ते उत्तर तसंच प्रबंधात मांडलं. पूर्वजांचा शोध घेताना हा बाणा हवा. आपल्याला आवडेल ते उत्तर शोधायला बसलं, की शोध तिथेच संपतो.

एकटे आलेले पुरुष

आता नांदेडला या. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंग गोदावरीकाठी आले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ते इथेच ज्योतिजोत समावले. त्यांच्याबरोबर आलेल्यांतले काही इथेच राहिले. पुढे १८३० च्या दशकात महाराजा रणजितसिंगांनी सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची इमारत उभी करवली. त्याच काळात निजामाच्या दरबारातले चंदूलाल, जे स्वतः पंजाबी खत्री घराण्यातले, त्यांच्यामुळे शीख शिपायांची एक फौज हैदराबाद राज्यात आली. तिचं नाव लाहोरी फौज. बंडाळी मोडणं, सारावसुलीला संरक्षण देणं ही तिची कामं. हे शिपाई बायका-मुलं घेऊन आले नव्हते. त्यांतल्या अनेकांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली. लग्नाआधी वधूला अमृत, म्हणजे शीख धर्माची दीक्षा, दिलं जाई आणि पुढची पिढी शीख म्हणून वाढे. यांनाच ‘दखनी शीख’ म्हणतात. नांदेडच्या प्रत्येक शीख घराचा इतिहास असाच आहे असं नाही. नंतर पंजाबातून सहकुटुंब आलेलीही घरं आहेत, शिकलगार आणि बंजारा शीखही आहेत. पण ज्या घरात ‘आम्ही दोनशे वर्षांपासून इथलेच’ असं सांगतात, तिथे पहिल्या आजीची चौकशी जरूर करावी. बऱ्याचदा ती गोदाकाठचीच निघते.

दुसरं उदाहरण आडनावातच आहे. नांदेड, लातूर, परभणीत ‘चाऊस’ हे आडनाव सर्रास आढळतं. शब्द मूळ तुर्की, फौजेतल्या हुद्द्याचा. दख्खनमध्ये तो चिकटला येमेनच्या हद्रमौत भागातून निजामाच्या नोकरीत आलेल्या अरबांना. हैदराबादेतली त्यांची वस्ती म्हणजे बारकस, ‘बॅरक्स’चा अपभ्रंश. हद्रमौतची माणसं पूर्व आफ्रिकेपासून जावापर्यंत पांगली आणि जिथे गेली तिथे त्यांनी लग्नं केली. अशा संततीला त्यांच्या भाषेत शब्दच आहे : मुवल्लद. बापाकडची नावं मात्र ‘बिन’ लावून पिढ्यानपिढ्या जपली गेली. अमुक बिन अमुक बिन अमुक. पुन्हा बांबूच.

तिसरा धागा आणखी जुना. लातूर जिल्ह्यातला औसा किल्ला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरच्या ताब्यात आला आणि गावाचं नाव काही काळ अंबरपूर झालं, असं तिथला इतिहास सांगतो. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. आपली मुलगी त्याने सुलतानाला दिली. म्हणजे एका पिढीत हबशी गुलाम आणि पुढच्या पिढीत अहमदनगरच्या राजघराण्याशी सोयरीक. मिश्र घराणी ही आधुनिक काळाची देणगी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी औश्याच्या तटावर एकदा उभं राहावं.

चौथा धागा गोऱ्यांचा. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिची एक छावणी नांदेडशेजारी हिंगोलीत, दुसरी मोमिनाबादेत म्हणजे आजच्या अंबाजोगाईत. १९०३ मध्ये ही फौज भारतीय लष्करात विलीन झाली. छावणी आली की लग्नं, बाप्तिस्मे, दफनं आलीच. अशा कुटुंबांची कागदपत्रं मात्र लंडनला सापडतात, कारण इलाख्यांतल्या चर्चनोंदींच्या नकला तिकडे पाठवल्या जात. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांत त्या आहेत, आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही संस्था अशा नोंदींची सूची करते.

या चौथ्या धाग्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने तिथल्या उमराव घराण्यातल्या खैरुन्निसाशी लग्न केलं. त्यांची दोन मुलं, साहिब आलम आणि साहिब बेगम, १८०५ मध्ये विलायतेला धाडली गेली. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला; मुलगी कॅथरीन, म्हणजे किटी झाली. बाप त्याच वर्षी वारला, आई काही वर्षांनी गेली. आजोळ तुटलं. पण १८४१ च्या सुमाराला चाळिशीकडे आलेल्या किटीला कळलं, की आपली आजी शरफुन्निसा हैदराबादेत हयात आहे. मग पत्रं सुरू झाली. नातीचं इंग्रजी, आजीचं फारसी, मध्ये दुभाषे. साडेतीन दशकांनी आणि समुद्रापलीकडून एका नातीने आपलं आजोळ गाठलं. बापाकडची सगळी कागदपत्रं किटीजवळ असणारच, तरी तिची तहान भागली ती आजीच्या पत्रांनी.

कागद कुठे आहेत?

आपल्याकडे शोध अडतो तो बहुधा नकाशावर. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी तो उस्मानाबादमध्ये होता. पण उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. म्हणजे आज लातूरकर म्हणवणाऱ्या कुटुंबाचे जुने कागद कर्नाटकातही असू शकतात. नांदेडचं तर आणखी गुंतागुंतीचं. किनवट हा आदिलाबादचा तालुका १९५६ मध्ये आपल्याकडे आला, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं व देगलूरमधली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं पलीकडे गेली. म्हणून पहिला नियम असा : गाव आज कुठे आहे हे न विचारता, नोंद झाली त्या वर्षी ते कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होतं, ते आधी ठरवा.

दुसरा नियम सालाचा. निजामाच्या राज्यात फसली सन चाले. नोंदीवर १३१० फसली असेल तर त्यात ५९० मिळवा, १९०० मिळेल. हे वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे जानेवारीपासूनच्या नोंदीसाठी ५९१ मिळवायचे. महिन्यांची नावं फारसी : आजूर, दै, बहमन, इस्फंदार... ‘बहमन’ हे माणसाचं नाव समजून बसलेले शोधक मी पाहिले आहेत.

तिसरा नियम लिपीचा. सरकारी भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात उर्दू झाली, आणि गावपातळीवर कुलकर्ण्याच्या हाती मोडी होती. एकाच कुटुंबाचा माग फारसी, उर्दू आणि मोडी या तिन्हींतून काढावा लागतो.

मग कागद. गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, निबंधकाकडची खरेदीखतं, दत्तकपत्रं, मृत्युपत्रं. ज्या घराला इनाम होतं, त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मुंतखब, म्हणजे इनामाच्या चौकशीनंतरचा निवाडा. वारस कोण हे ठरवायचं असल्याने तिथे पिढ्यांचा तपशील येतो आणि शजराही मिळू शकतो. राज्यपातळीचं दप्तर हैदराबादेत, तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे. तिथे शाहजहान-औरंगजेबाच्या दख्खन कारभाराचेसुद्धा हजारो कागद आहेत. मुसलमान घरांनी काझीकडच्या निकाहाच्या नोंदी पाहाव्यात. तिथे वधूचं नाव आणि तिच्या बापाचं नाव असतं. म्हणजे जे वंशावळीत नसतं, ते निकाहनाम्यात सापडतं.

तांब्यावरची अक्षरं

कागदांत बाई क्वचितच येते. मग ती कुठे शोधायची?

आमच्या घरात देवघराशेजारी एक पितळी तांब्या होता. आजी गेल्यावर तो चिंचेने घासला, तेव्हा गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली. नाव आमच्या कुणाच्या ओळखीचं नव्हतं. पुढे गाव होतं, जुक्कल. मोठ्या आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, हे आईचंच माहेरचं नाव. लग्नात तिच्या मामाने दिलेला तांब्या तो.’ लग्नात सासरचं नाव ठेवलं गेलं आणि आधीची मुलगी सगळ्या कागदांतून नाहीशी झाली. उरली ती फक्त पितळेवर. मग एक जुनी आठवण जागेवर बसली. आजी मनातल्या मनात मोजताना ओकटी, रेंडू, मूडू म्हणायची. तिला बाजारातल्या व्यवहाराने तेलुगू येत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. जुक्कल आज तेलंगणात, कामारेड्डी जिल्ह्यात आहे. मराठी, तेलुगू, कानडी जिथे एकमेकींच्या अंगणात वाढतात, त्या कोपऱ्यातली ती मुलगी होती. आमच्या वंशावळीत मात्र तिच्या नवऱ्याच्या चौकटीशेजारी कोरी जागा होती.

तेव्हापासून मी कुणालाही सांगतो, शोध भांड्यांपासून सुरू करा. देणाऱ्याचं नाव, गाव, कधी सालसुद्धा कासाराने कोरलेलं असतं. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसा आणि प्रश्न नीट विचारा. ‘आपण मूळचे कुठले?’ असं विचारलं, तर ती नवऱ्याचं गाव सांगेल. विचारायचं असं : आजी, तुझं माहेरचं नाव काय होतं गं? तुझ्या आईचं आजोळ कुठलं? पहिल्या बाळंतपणाला कुठे गेली होतीस? लग्नात कुठल्या देवाला जाऊन आलात? शीख किंवा मुसलमान घरातली एखादी म्हातारी माहूरच्या रेणुकेचं नाव घेते, हिंदू घरातली एखादी कंधारच्या दर्ग्याचा नवस सांगते. हा पुरावा नाही. पण कुठे खणायचं ते त्यातून कळतं. कुठल्या पदार्थाला ती काय म्हणते, रडणाऱ्या बाळाला कुठल्या भाषेत गप्प करते, हेही टिपून ठेवावं.

जात्यावरच्या ओव्यांत तर माहेर गावासकट येतं, भावांची नावं येतात. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लिहिणं-वाचणं हाती नसलेल्या बायकांनी आपली वंशावळ गाऊन ठेवली. ती आपण ऐकायची तेवढी राहिली.

डीएनए काय सांगतो, काय नाही

आता थुंकी पाठवून घरबसल्या पूर्वज विचारता येतात. त्यातलं काय घ्यावं ते समजून घेऊ. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. मायटोकाँड्रियातला डीएनए आईकडून सगळ्या मुलांकडे येतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. दखनी शीख घरातल्या एखाद्या पुरुषाने दोन्ही तपासले, तर पहिला धागा पंजाबकडे आणि दुसरा दख्खनकडे झुकू शकतो. ज्या पहिल्या आजीचं नाव कुठेच नाही, तिची खूण आईच्या आईच्या आईकडून आलेल्या त्या धाग्यात शाबूत असू शकते, अट एवढीच की मधली साखळी सगळी बायकांची हवी.

उरलेल्या डीएनएचा हिशेब वेगळा. १८३२ मध्ये आलेला लाहोरी फौजेतला शिपाई आज साधारण सात पिढ्या मागे आहे. त्याचा एकट्याचा वाटा सरासरी १२८ मध्ये एक, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. पण पुढे या घरांनी आपसातच सोयरिकी केल्या असतील, तर तेच पूर्वज झाडावर वेगवेगळ्या फांद्यांनी पुन्हा पुन्हा येतात आणि वाटा वाढतो. शिवाय कंपन्या जे टक्के देतात ते त्यांच्याजवळच्या नमुन्यांशी ताडून काढलेले अंदाज असतात. त्यांत भारतातले नमुने कमी असले, की अंदाजही ढोबळ होतो. सिद्दींवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आफ्रिकी आणि भारतीय मिश्रण सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं निघालं. तिथे प्रश्न एका समाजाचा होता आणि नमुने हाताशी होते, म्हणून एवढं नेमकं सांगता आलं.

मोठं चित्र हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या लालजी सिंग, कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्या २००९ च्या संशोधनातून पुढे आलं. भारतातले जवळजवळ सगळे समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले आहेत. प्रमाण कमी-जास्त, पण मिश्रण सगळीकडे. २०१३ च्या पुढच्या अभ्यासाने काळही सांगितला : ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली आणि मग आपसातच लग्नं करण्याची रीत घट्ट होत दारं बंद झाली. जातीचं सार म्हणजे आपसातल्या लग्नांचं कुंपण, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडलं होतं. म्हणजे ‘आमचं घर मिश्र’ म्हणून ज्यांना खालमानेनं बोलायला लावलं गेलं, त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक एवढाच, की त्यांचं मिश्रण अलीकडचं, म्हणून आठवणीत आहे.

सापडलं तर

शोधात दुखणारंही सापडतं. प्रत्येक मिश्र विवाह प्रेमाचा किंवा राजीखुशीचा नव्हता. दुष्काळात विकली गेलेली मुलगी, छावणीत ठेवलेली बाई, दासी यांच्याही खुणा कागदांत येतात, कधी नाव न घेता. तिथे अंदाजाने गोष्ट रचू नये आणि लाजही बाळगू नये. जेवढं दिसतं तेवढं लिहावं, पुढे प्रश्नचिन्ह ठेवावं. हयात माणसांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय चारचौघांत मांडू नये. एखाद्या काकूने ‘हे राहू दे रे’ म्हटलं, तर वही मिटावी.

कायदाही हळूहळू आईकडे वळतो आहे. आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात बापाचीच, असं डोळे झाकून धरता येणार नाही. मूल आईच्या समाजात वाढल्याचा पुरावा असेल तर तो पाहावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. शंभर वर्षांनी नांदेड-लातूरच्या दप्तरात बसणाऱ्या शोधकाला या एका ओळीने केवढा मोठा माग मिळणार आहे!

मागच्या पिढ्यांसाठी तो क्रम आपल्यालाच लावायचा आहे. कपाटातली ती शपथपत्राची वंशावळ काढा. प्रत्येक चौकटीशेजारी आणखी एक चौकट आखा. तिच्यात आजीचं, पणजीचं माहेरचं नाव लिहा आणि त्याखाली तिचं गाव. माहीत नसेल तर चौकट रिकामी ठेवा, पण आखा. आमच्या कागदावर अशा अकरा चौकटी आखल्या आहेत. चार भरल्या आहेत, त्यांतली एक पितळेवरून उतरवून घेतलेली.